खिडकी उघडा, मुंबई येतेय!

मित्रांनो, मला जुना म्हणा, चालेल. पॉलिश उडालंय, एका कोपऱ्याचं लाकूड सुटलंय, समोरच्या जाळीवर चहाचा डाग आहे, सगळं कबूल. पण बिघडलेला म्हणाल तर याद राखा! मी पाच व्हॉल्वचा रेडिओ आहे. व्हॉल्व म्हणजे माझ्या पोटातले काचेचे छोटे दिवे. पाचही अजून ठणठणीत आहेत. ते तापले की मी बोलायला लागतो, आणि मला बोलायची हौस दांडगी आहे, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला बोटीत चढवलं, एवढं आठवतं. डोळे उघडले ते मुंबईत, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात. तिथून सामाजीने मला उचललं. सामाजी माझगावच्या गोदीत फिटर होता. नुकतंच जूडिथशी त्याचं लग्न झालं होतं, आणि घरात भांड्यांच्या आधी मी आलो. जूडिथने तेव्हा कपाळाला हात लावला होता. "भात कशात शिजवू? ह्याच्यात?" असं म्हणाली होती ती! पण संध्याकाळी शेजारच्या बायका गाणी ऐकायला आल्या, तेव्हा हीच मोठ्या तोऱ्यात माझं बटण दाबत होती.

मुंबईत माझी चैन होती. कष्ट कसले ते नाहीत. मुंबईचं स्टेशन घराजवळच, त्यामुळे बटण दाबलं की मुंबई हजर. क्रिकेट असलं की सगळी चाळ माझ्यासमोर बसायची आणि चौकार गेला की माझ्याच पाठीवर थाप पडायची. मी मनात म्हणायचो, वा रे मी!

माझी खरी परीक्षा पुढे होती.

एकोणीसशे बासष्ट साली सामाजी आणि जूडिथ मुलीला घेऊन इस्रायलला निघाले. मुलीचं नाव अबिगेल, वय तेव्हा नऊ. हे सगळे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज कोकणात उतरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. त्या दिवशी ते घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, कसलंही यंत्र चालू करायचं नाही की त्याचा खटका फिरवायचा नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट ह्यावरच आहे.

निघताना घरात मोठं वादळ झालं. जूडिथचे वडील गर्शोनबाबा, हे कीर्तनकार. याकोब, परदेशी गेलेला त्याचा मुलगा योसेफ, मोशे अशा धर्मग्रंथातल्या माणसांच्या कथा ते मराठीत कीर्तन करून सांगायचे. एका हातात चिपळ्या, आणि शेजारी झांज घेऊन लहानगी जूडिथ. प्रत्येक ध्रुपदाच्या शेवटी तीन ठोके. दोन बाबांच्या चिपळ्यांचे, तिसरा जूडिथच्या झांजेचा. आणि ही पोर दर वेळी उशीर करायची! बाबा हात हवेत धरून थांबायचे, लोक हसायचे, मग झांज वाजायची. शेवटी शेवटी लोक त्या उशिरासाठीच कीर्तनाला यायचे म्हणे.

तर बाबा म्हणाले, "मी कुठे येणार नाही. आणि तूही जाऊ नकोस." जूडिथ म्हणाली, "बाबा, आता सगळं ठरलंय." झालं. बाबांनी तोंड फिरवलं. विमानतळावरही आले नाहीत. जूडिथ मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन विमानात बसली आणि अख्ख्या प्रवासात तिचे अश्रू गोधडीतून माझ्या पेटीवर झिरपत होते. तो कोपरा सुटलाय ना माझा, तो तेव्हापासून.

आम्ही आलो डिमोनाला. चारी बाजूंनी वाळवंट, नव्या कोऱ्या चौकोनी इमारती, आणि वारा असा की दारं आपोआप आपटायची. सामाजीला खनिजांच्या कारखान्यात काम मिळालं. पहाटे साडेचारला त्याची बस. जूडिथ दर महिन्याला बाबांना पत्र लिहायची. एकाचंही उत्तर आलं नाही. दीड वर्षं! टपालवाल्याला बघून ती आधी धावत जायची, मग नुसती चालत, मग खिडकीतूनच बघायला लागली.

आणि मी? मला कोपऱ्यात ठेवलं होतं. इथल्या स्टेशनांवर हिब्रू. सामाजीला ती धड कळेना. अबिगेलला मात्र दोन महिन्यांत पोपटासारखी यायला लागली. आई मराठीत विचारायची, पोरगी हिब्रूत उत्तर द्यायची, आईला 'इमा' म्हणायची. माझ्या डोक्यावर तिची वह्या-पुस्तकं. मी चिडून बसलो होतो.

एका पहाटे मात्र गंमत झाली. त्रेसष्टचा नोव्हेंबर महिना. सामाजी तीन वाजता उठला, चहा टाकला, आणि बस यायला अवकाश आहे म्हणून माझ्यावरची पुस्तकं खाली ठेवून त्याने मला सुरू केलं. मी तापलो. त्याने काटा सावकाश फिरवला. खरखर, खरखर, शीळ, पुन्हा खरखर. दिवसभर गोंगाट करणारी आसपासची स्टेशनं त्या वेळी झोपलेली होती. आणि त्या खरखरीच्या तळातून, विहिरीतून हाक यावी तशी, एक बाई बोलली. मराठीत! मुंबईचं हवामान सांगत होती ती.

सामाजीच्या हातातला पेला खाली पडला. माझ्या जाळीवरचा डाग तो हाच.

"जूडिथ! अगं जूडिथ, ऊठ! मुंबई आलीय!"

ती धावत आली. "कोण आलंय?"

"मुंबई! मुंबई आलीय घरात!"

मित्रांनो, मुंबई तिथून अडीच हजार मैल. मग कशी आली? सांगतो. आमच्या लहरींना ऊन सोसत नाही. दिवसा त्या जवळच्या जवळ मरतात. अंधार झाला की मात्र आकाशातल्या उंच थरावर आपटून टणाटणा उड्या मारत समुद्र ओलांडतात. आणि सगळ्यात मोठी मौज म्हणजे, मुंबईला तांबडं फुटायच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं तिचा आवाज एकदम भरून येतो. मग सूर्य वर येतो आणि मुंबई विरून जाते. तिकडची पहाट म्हणजे डिमोनात पहाटेचे साडेतीन. सामाजीची चहाची वेळ! आमचं नशीबच फळफळलं.

त्या दिवसापासून घरात नुसती धमाल. सामाजीने मोठ्या वहीत स्टेशनं लिहायला घेतली. दिल्ली आली, कराची आली, एकदा ताश्कंद आलं तेव्हा तो पायजम्यावरच नाचला. गच्चीवर तांब्याची लांब तार बांधली, माझी एरियल. तिच्यावर शेजारच्या मेइरने आपल्या चादरी वाळत घातल्या. मेइर मोरोक्कोहून आलेला, जाडजूड, दिलदार माणूस. सामाजी वर जाऊन ओरडला, "अरे बाबा, मुंबईच्या मानेवर चादर टाकलीस तू!" मेइरला एक अक्षर कळलं नाही, पण त्याने चादरी काढल्या आणि तोही पहाटे चहाला येऊन बसायला लागला.

आता माझी एक खोड सांगतो, लपवत नाही. तापलो की मी सरकतो. काटा जिथल्या तिथे असतो, पण आतून मी केसभर हलतो आणि स्टेशन निसटतं. सामाजी म्हणायचा, "ह्या मेल्याचं डोकं तापलं की हा जागेवर राहत नाही." मग तो माझा कान, म्हणजे काट्याची खुंटी, हलकेच पिळून मला जागेवर आणायचा. एकदा जूडिथची भाकरी करपली आणि धूर जावा म्हणून तिने खिडकी उघडी टाकली. बाहेर कडाक्याची थंडी. त्या दिवशी मी तासभर जराही हललो नाही. "बघा," जूडिथ म्हणाली, "गार वारा लागला की कसा शहाण्यासारखा वागतो." मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

चौसष्टच्या जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी, पत्र आलं. बाबांचं नव्हे, जूडिथच्या भावाचं, जोनाथनचं. जूडिथने ते उभ्या उभ्या वाचलं आणि मटकन खाली बसली. संध्याकाळी सामाजी आल्यावर तिने मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणून मला कळलं. जोनाथनने लिहिलं होतं की बाबांचे डोळे गेले. वर्षभर हळूहळू गेले, त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. तुझी पत्रं उशाखाली ठेवतात, पण दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत आणि दुसऱ्याच्या हातून उत्तर लिहू देत नाहीत. आता रेडिओवाल्यांनी त्यांचं कीर्तन घेतलंय. महिन्याच्या सुरुवातीला ते बोलून आले. ते ऐकवणार अठरा तारखेच्या शनिवारी, म्हणजे परवाच, सकाळी पावणेसात ते सात. घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "तिकडे तिला ऐकू जाईल का रे?"

"पावणेसात म्हणजे आपले सव्वातीन," सामाजी म्हणाला. "बरोबर मुंबई भरून यायच्या वेळी! जूडिथ, एकदम फर्स्ट क्लास टायम आहे!"

"अहो," जूडिथ म्हणाली, "पण शनिवार."

सामाजीने बोटांवर वार मोजले. शब्बाथ! शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत माझ्या बटणाला कोणी शिवणार नाही. 

मग जूडिथच उठली. "शुक्रवारी आपण दिवा लावून ठेवतो की नाही? तो रात्रभर आपला आपण जळतो. तसंच ह्याला लावून ठेवू. मुंबईवर काटा ठेवायचा आणि सोडून द्यायचं. मग मुंबई आली तर आली."

"आणि नाही आली तर?"

"येईल! आली तर मी एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन."

मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेल्या गोड पोह्यांचं त्यांचं नवसाचं ताट. एलियाहू हन्नाबी हा त्यांचा हाकेला धावणारा नबी. नवस बोलला गेला म्हणजे गोष्ट गंभीर. माझ्या पाचही दिव्यांत धडधडायला लागलं.

शुक्रवारी पहाटे सामाजीने मला लावून बघितलं, आणि बापरे! नेहमी झोपलेलं शेजारचं एक स्टेशन टक्क जागं, ढोल-ताशे, गाणी, सगळं जोरात. मेइर चहा पीत होता, त्याने कपाळावर हात मारला. "रमदान!" तो म्हणाला. सामाजी आणि जूडिथ कोकणातली माणसं, त्यांना लगेच समजलं. रोजे सुरू झाले होते, उपासाआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, सहेरीसाठी, लोक जागे, म्हणून स्टेशनही जागं. मुंबई त्याला अगदी चिकटून. सामाजीने श्वास रोखून कान पिळला, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि बरोबर मध्ये मुंबई सापडली. त्याने जूडिथचा लाल दोरा घेतला, नेमका काट्याच्या वर काचेला गोंदाने चिकटवला. "हीच खूण. जराही हलायची नाही."

शहाण्या, मी मनात म्हटलं, आत्ता मी सुरू होऊन दहाच मिनिटं झालीत, मी गारढोण आहे! उद्या मी अकरा तास तापलेला असेन! पण मला स्टेशनचं बोलणं बोलता येतं, स्वतःचं नाही. हे माझं जन्माचं दुःख आहे.

दुपारी साडेचारला, ऊन अजून भिंतीवर असताना, सामाजीने मला सुरू केलं. काटा दोऱ्याखाली आणला. मुंबईचा तेव्हा पत्ता नव्हता, नुसती खरखर. त्याने हात काढून घेतला आणि खिशात घातला. जूडिथने तेलाचा दिवा लावला, डोळे झाकून बराखा, म्हणजे दिव्यावरची प्रार्थना, म्हटली. शब्बाथ लागला.

अंधार पडला तसं शेजारचं स्टेशन गाजायला लागलं. इकडे जेवणाच्या ताटांवर शब्बाथची गाणी, तिकडे माझ्या तोंडून ढोलताशे. सामाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लोक काय म्हणतील?" तेव्हा जूडिथने काय केलं माहीत आहे? मुंबईहून आणलेली तीच जाड गोधडी आणून माझ्यावर टाकली! आवाज दबला. सगळे खूश. आणि मी आत भाजून निघालो. खोलीत रॉकेलची शेगडी, अंगावर गोधडी, पोटात पाच दिवे. आतलं मेण मऊ व्हायला लागलं, जुन्या धुळीचा वास सुटला. अहो, कोणीतरी काढा रे हे, असं मी रात्रभर मनातल्या मनात ओरडत होतो. आणि केसाकेसाने सरकत होतो.

तीन वाजता सगळे उठले. मेइरही आला, पायांत मोजे घालून, आवाज नको म्हणून. जूडिथने गोधडी उचलली. माझ्या अंगातून भपकन गरम हवा निघाली.

गाणी. नुसती गाणी, ठणाणा. सव्वातीन वाजले. त्या गाण्यांच्या खाली कुठेतरी मराठी बाई काहीतरी सांगत होती. "गर्शोन" एवढाच एक शब्द वर आला आणि बुडाला.

"अहो, बाबांचं नाव घेतलं!"

खोलीत शब्बाथचा दिवा आणि माझ्या काचेमागचा पिवळा उजेड. सामाजी काचेला नाक लावून बघत होता. "काटा दोऱ्याखालीच आहे. खूण बरोबर आहे. मग मुंबई कुठे गेली?"

अबिगेल हिब्रूत म्हणाली की खालच्या मजल्यावरचा आमोस शब्बाथला सिगारेटसुद्धा ओढतो, त्याला बोलावू, तो फिरवील.

"नाही," जूडिथ म्हणाली. "दुसऱ्याच्या हाताने मोडला तरी मोडलाच."

पण ती स्वतः उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा हात पुढे आला, माझ्या कानापासून बोटभर अंतरावर थांबला. मित्रांनो, खरं सांगतो, मला वाटलं, फिरव! फिरव गं बाई, केसभर फिरव, कोण बघतंय? दीड वर्षाने बाप बोलतोय!  मग तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"माझ्या पणजोबांनी अर्धवट तिळाचा घाणा शुक्रवारी सोडून दिला होता," ती म्हणाली. "तेल वाया गेलं, पण हात लावला नाही. बाबा हे दर वर्षी सांगायचे. आणि मी त्यांचाच आवाज ऐकायला शब्बाथ मोडू? मग ऐकून काय करू?" तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. तिने ते पुसायला मान वळवली, आणि तिचा गाल माझ्या पेटीला टेकला.

ती चटका बसल्यासारखी मागे झाली. खराच चटका बसला होता.

"अहो! हा केवढा तापलाय! तापलं की सरकतो ना हा?"

"मग तेच तर! गोधडी घातलीस तू त्याच्यावर!"

"मग गार करा त्याला!"

"अगं, हात कसा लावू?"

"हात नका लावू! खिडकी उघडा! अबिगेल, खिडकी उघड! दार उघडा! मेइर, दार!"

हातवारे बघूनच मेइर दाराकडे धावला. अबिगेलने खिडकी सताड उघडली. सामाजी धावत जाऊन स्वयंपाकघराची खिडकी उघडून आला. आणि डिमोनाचा जानेवारीतला पहाटेचा वारा, वाळवंटातून थेट आलेला, बर्फासारखा, एका दारातून दुसऱ्या खिडकीकडे सुटला. पडदे उडाले. मेइरची टोपी उडाली. शब्बाथचा दिवा थरथरला, पण काचेच्या पेल्यात होता म्हणून तगला. चौघं पांघरुणं घेऊन माझ्यासमोर दात वाजवत बसली.

आता सगळं माझ्यावर आलं. मी म्हटलं, म्हाताऱ्या, तुला हलायची खोड आहे ना, मग हल आता! वारा माझ्या पाठीच्या भोकांतून आत शिरला, दिव्यांभोवती फिरला, मेण आवळलं, तारा आक्रसल्या. मी सरकलो. अर्धा केसभर. गाणी जराशी लांब गेली. सव्वातीन वाजून पाच मिनिटं. आणखी थोडा. ढोल मागे राहिला. तिकडे मुंबईवर तांबडं फुटायला आलं होतं, तिचा आवाज फुगत होता, आणि इकडे मी गारठत गारठत तिच्याकडे निघालो होतो. आलो, आलो, आलो!

आणि गर्शोनबाबा खोलीत बोलले. खणखणीत!

"...याकोब रागावला नव्हता हो, माझ्या मायबापांनो. पोर दूर देशी गेलं की बापाला रडता येत नाही. म्हणून तो गप्प बसतो. लोक म्हणतात, म्हातारा रुसला. रुसतो कसला? त्याचा आवाजच फुटत नाही."

जूडिथने तोंडावर पदर दाबला. बाबांनी ध्रुपद घेतलं. म्हातारा आवाज, पण सूर पक्का. ध्रुपद संपलं. चिपळ्यांचा एक ठोका. दुसरा ठोका.

आणि मग काहीच नाही.

तिसऱ्या ठोक्याची जागा रिकामी. मुंबईच्या त्या खोलीत तिसरा ठोका द्यायला कोणी नव्हतं असं नाही, मागे पेटी होती, तबला होता. सगळे थांबले होते. बाबांनी थांबवलं होतं त्यांना.

जूडिथ दचकली. "माझी," ती म्हणाली, "ती माझी जागा आहे."

बाबांनी पुढची कथा सांगितली. पुन्हा ध्रुपद आलं. मेइरने श्वास धरला होता, त्याला काय कळलं कोण जाणे. एक ठोका. दुसरा ठोका. आणि तिसऱ्याला, बरोबर तिसऱ्याला, जूडिथने आपल्या मांडीवर हाताचा ठोका दिला. जराही उशीर नाही!

तिसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा तिच्याबरोबर अबिगेलने मांडीवर हात मारला, सामाजीने मारला, आणि मेइरने तर असा मारला की खुर्ची करकरली. मग मराठी बाईने सात वाजल्याचं सांगितलं, मुंबईचा आवाज आणखी एकदा भरून आला, आणि तिकडे सूर्य उगवला असावा, कारण हळूहळू ती विरून गेली. बाहेरून कोणीतरी ओरडलं की एवढ्या थंडीत दारं उघडी टाकून काय करताय, वेड लागलंय का? जूडिथ खिडकीत जाऊन ओरडली, "हो, लागलंय!" मराठीतच ओरडली.

शनिवारी संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्याबरोबर तिने पत्र लिहायला घेतलं. एकच ओळ लिहिली. 'बाबा, ऐकलं, आणि झांज वेळेवर वाजवली.' रविवारी सकाळी पत्र टपालात पडलं. त्याच आठवड्यात मलिदा झाला. पोहे पार्सलातले, खोबरं सुकं, पण ताट आधी माझ्यापुढे दाखवलं गेलं.

उत्तर मार्चमध्ये आलं. हस्ताक्षर जोनाथनचं, पण शब्द बाबांचे. पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलं होतं. 'माझा पासपोर्ट काढायला टाकलाय. वेळेवर वाजवली म्हणतेस, ते मी ऐकल्याशिवाय मानणार नाही.'

बाबा सप्टेंबरात आले. तोवर माझे दिवस फिरले होते, तेही सांगतो. अबिगेलच्या वाढदिवसाला घरात एक ट्रान्झिस्टर आला. पत्त्यांच्या कॅटाएवढा, लाल रंगाचा, मिजासखोर. तापायला नको, तार नको. माझ्यावर विणलेला रुमाल पडला, रुमालावर फुलदाणी, आणि फुलदाणीशेजारी तो टिल्लू. पहाटे तीन वाजता त्याने एकदा तरी मुंबई पकडून दाखवली का? विचारा त्याला! पण मला कोणी विचारेना. मी पुन्हा गप्प झालो.

बाबा घरात शिरले, सामाजीच्या खांद्यावर हात ठेवून, वाटेत त्याच्याकडून सगळी हकीकत ऐकून. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "तो रेडिओ कुठाय गो?"

त्यांना माझ्यासमोर आणलं. त्यांनी हात फिरवला. हाताला फुलदाणी लागली, रुमाल लागला, तो टिल्लू लागला. त्यांनी एकेक करून सगळं काढून अबिगेलच्या हातात दिलं. मग माझ्या पाठीची भोकं बोटांनी चाचपली. धुळीने बुजली होती. "ह्याला श्वास घेऊ द्या रे," ते म्हणाले. "बिचाऱ्याने तुमच्यासाठी थंडी खाल्लीय."

मित्रांनो, मी तुमच्याकडे मागून मागून काय मागणार? नव्याचं कौतुक करा, जरूर करा. पण जुन्याच्या डोक्यावर फुलदाणी ठेवू नका. आठवड्यातून एकदा फडकं मारा, पाठ मोकळी ठेवा, आणि गोधडी तर चुकूनही घालू नका. आम्हाला शब्द फुटत नाही म्हणून आम्हाला काही होत नाही असं समजू नका. गर्शोनबाबा आणि मी, आमची ह्याबाबतीत चांगली गट्टी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता सगळे माझ्यासमोर बसले. खिडकी उघडी होती. मी तापलो, सामाजीने कान पिळला, मुंबई आली. कोणाचं तरी भजन लागलं होतं. बाबांनी गाठोडं सोडलं आणि आतून चिपळ्या काढल्या, आणि झांज. तीच, लहानपणची. झांज त्यांनी जूडिथच्या हातात दिली, माझा आवाज बारीक करायला सांगितला आणि स्वतः ध्रुपद घेतलं.

एक ठोका. दुसरा ठोका.

जूडिथ बाबांच्या तोंडाकडे बघत बसली होती. रडत होती आणि हसत होती, आणि झांज तिच्या हातात तशीच.

"परत उशीर!" बाबा ओरडले. "रेडिओवर बरी वेळेवर वाजवतेस!"

सगळे खो खो हसले. अबिगेल मराठीत ओरडली, "इमा, वाजव ना!" आणि गर्शोनबाबा चिपळ्यांचा हात हवेत धरून थांबून राहिले.